मूलपेशींचा उपचार आणि आपला वैद्यकीय साहाय्य निधी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. जुन्या अकरावीची मॅट्रिक एवढीच ज्याची विद्या, आणि चौथीच्या मुलांना त्रैराशिक शिकविण्यात ज्याची हयात गेली, अशा निवृत्त शिक्षकाने वैद्यकशास्त्रातील इतक्या नव्या गोष्टीवर बोलावे, हा अधिक्षेपच म्हणावयाचा. परंतु मी आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीचा नऊ वर्षे खजिनदार होतो, आणि त्या काळात मी सही केलेल्या एका धनादेशासंबंधी मला आज बोलावयाचे आहे. तो धनादेश कसला होता हे सांगताना मूलपेशी म्हणजे काय, हे ओघानेच सांगावे लागेल.

एप्रिल २०२१ चे दिवस आपणांस आठवत असतीलच. रुग्णवाहिकांचे भोंगे रात्री दोन वाजताही थांबत नव्हते. येथील रिचर्डसन अँड क्रूडासच्या आवारातील केंद्र, गोरेगावचे नेस्को, दहिसरचे केंद्र, मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय, ही नावे तेव्हा घरोघरी मंत्रासारखी घोकली जात होती. वॉर्डाच्या वॉर रूमला फोन लावून लावून बोटे दुखत. त्या दिवसांत आपल्या ज्ञातीतील एक ३८ वर्षांचा तरुण एका खाजगी शुश्रूषागृहात कृत्रिम श्वसनयंत्रावर होता. तो चौथीत माझ्या वर्गात होता. अक्षर वळणदार, गणित कच्चे. त्याच्या वडिलांना कोणी एक गृहस्थ भेटला आणि नाळेपासून काढलेल्या मूलपेशींची दोन इंजेक्शने दिल्यास मुलगा उठून बसेल, असे त्याने सांगितले. खर्च अडीच लाख. वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात एक गुळगुळीत रंगीत कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापले होते की, अमेरिकेत १२ पैकी १० रोगी वाचले.

समितीची सभा फोनवर झाली. पंधरा मिनिटे लागली असतील. दीड लाख निधीतून द्यावयाचे ठरले, उरलेल्या रकमेसाठी त्याच्या आईने पाटल्या मोडल्या. मी सही केली. दोन्ही इंजेक्शने दिली गेली, आणि दुसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

त्या इंजेक्शनाने त्यास मारले, असे मी म्हणत नाही. कदाचित तो असाही गेला असता. त्या बाटलीत नेमके काय होते, किती पेशी होत्या, त्या जिवंत होत्या की नाही, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते, आणि आम्हीही ते विचारले नाही. चौथीच्या मुलाने उत्तराची रीत दाखविली नाही तर मी त्याचे गुण कापीत असे. येथे मात्र नुसते उत्तर पाहून मी पूर्ण गुण देऊन बसलो.

आता मूलपेशीविषयी. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, आणि बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. त्वचेची पेशी त्वचेचेच काम करणार, रक्तातील तांबडी पेशी प्राणवायूच वाहणार. काही पेशी मात्र अशा असतात की, त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात आणि गरजेप्रमाणे निराळ्या कामाच्या पेशीही. त्यांस मूलपेशी म्हणतात. बोलण्यात आपण सर्व ‘स्टेम सेल’च म्हणतो. आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात व त्या जन्मभर नवे रक्त घडवीत असतात. रोग्याची बिघडलेली मज्जा नष्ट करून दुसऱ्याची निरोगी मज्जा त्यास दिली, तर नवे रक्त तयार होऊ लागते. ही गोष्ट आता कल्पनेतील राहिलेली नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीवर तिच्या भावाची मज्जा घेऊन असे रोपण केले, आणि या देशातील ते पहिले मानले जाते. हे डॉक्टर बालपणीच पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून रुग्णालयात वावरत. आमच्या शाळेत मी हे मुलांना मुद्दाम सांगत असे.

याहून जवळचे उदाहरण द्यावयाचे तर बोरिवली पूर्वेस महापालिकेचे थॅलेसेमिया व अस्थिमज्जारोपण केंद्र आहे. ज्या बालकांना दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते, त्यांच्यावर तेथे मूलपेशींचे रोपण होते. तेव्हा मूलपेशींचा उपचार सगळा भोंदूपणा आहे, असे समजून कोणी घरी जाऊ नये. रक्ताच्या रोगांत तो उपचार सिद्ध झालेला आहे. प्रश्न आहे तो फुप्फुसाचा.

विषाणूचा ताप जेव्हा छातीत उतरतो तेव्हा काय होते ते पाहा. आपल्या दोन फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी इवले वायुकोश असतात. द्राक्षांच्या घडासारखी त्यांची रचना, आणि प्रत्येकाची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू सहज झिरपावा. विषाणू या भिंतीला इजा करतो, परंतु पुष्कळदा त्याहून मोठी हानी आपलेच रक्षक करतात. चोर पकडावयास आलेल्या शिपायांनी घरच जाळावे, तशी शरीराची प्रतिकारशक्ती अनावर होते, वायुकोशांत पाणी भरते, आणि मनुष्य कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. कोविडात हेच झाले, १९१८ च्या इन्फ्लुएंझातही पुष्कळांचे असेच झाले असावे.

मज्जेत, नाळेत आणि चरबीतही एका निराळ्या जातीच्या पेशी सापडतात. त्यांस शास्त्रज्ञ मेसेनकायमल पेशी म्हणतात. त्या भडकलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करणारी द्रव्ये सोडतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. शिवाय शिरेतून सोडल्या असता त्या प्रथम फुप्फुसाच्याच बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात. म्हणजे जेथे आग तेथेच बंब. कित्येकांची अशी समजूत असते की या पेशींचे नवे फुप्फुस बनते. तसे होत नाही. काही दिवसांत त्या नाहीशा होतात. झालाच तर त्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा उपयोग व्हावयाचा. कल्पना चांगली होती, आणि २०२० च्या आरंभी बीजिंगच्या एका रुग्णालयाने सात रोग्यांवर ती करून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. सातही सुधारले, असे त्यांनी लिहिले.

त्यानंतर एप्रिल २०२० मध्ये मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियातील कंपनीने न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बातमी दिली. श्वसनयंत्रावरील १२ रोग्यांना मज्जेपासून केलेले त्यांचे रेमेस्टेमसेल हे औषध दिले. १० वाचले, ९ यंत्रावरून उतरले. हीच ती गुळगुळीत कागदावरची संख्या. कागदावर नाळेच्या पेशींची जाहिरात आणि आकडा मात्र मज्जेच्या पेशींचा, हेही मला पुढे ध्यानात आले. असो.

या १२ पैकी १० ची तुलना कोणाशी केली होती? येथे माझ्यातील शिक्षक जागा होतो, म्हणून थोडा वेळ घेतो. त्याच सुमारास न्यूयॉर्क परिसरातील १२ रुग्णालयांचा एक अहवाल निघाला होता. त्यात श्वसनयंत्रावर घातलेल्यांपैकी शेकडा ८८ मरण पावले, असा आकडा होता आणि तो जगभर गाजला. ८८ मरतात तेथे १२ पैकी १० जगले, म्हणजे चमत्कारच नव्हे काय? पण त्या अहवालातील मूळ संख्या पाहा. यंत्रावर घातलेले एकूण रोगी १,१५१. त्यांपैकी मृत २८२, बरे होऊन घरी गेलेले ३८, आणि उरलेले ८३१ त्या दिवशी रुग्णालयातच होते; त्यांचा निकाल लागावयाचा होता. शेकडा ८८ हा हिशेब फक्त २८२ आणि ३८ मिळून ३२० जणांवर केलेला होता. अत्यवस्थ मनुष्य लवकर मरतो आणि बरा होणारा आठवडेच्या आठवडे खाटेवर राहतो. म्हणजे १,१५१ मुलांच्या परीक्षेत ८३१ निकाल राखून ठेवावयाचे, उरलेल्यांत बहुतेक नापास पाहून शाळेचा निकाल शेकडा १२ म्हणावयाचे, आणि मग शेजारच्या शिकवणीतील बारा निवडक मुलांशी त्याची तुलना करावयाची! एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याने असे केले असते तर आम्ही शिक्षक मोर्चा घेऊन गेलो असतो.

निवडक हा शब्द मी मुद्दाम वापरला. बारा रोगी कोणी निवडले? ते डॉक्टरांनी निवडले, आणि डॉक्टर हाही माणूसच; ज्याच्यात आशा दिसते त्याला तो नवे औषध देतो. यात लबाडी नसेलही. म्हणूनच खरी परीक्षा घ्यावयाची तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारा साधा द्रव, आणि कोणास काय दिले हे रोग्यासही ठाऊक नाही, खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरासही नाही.

हे शास्त्र परदेशातून आले म्हणून नाके मुरडणाऱ्यांना मी भायखळ्याची आठवण देतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यावर ते थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचून, टोचलेल्यांत व न टोचलेल्यांत किती आजारी पडतात याची त्यांनी मोजदाद केली. भिंती त्याच, अन्न तेच, पाणी तेच. फरक फक्त लसीचा. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच शहरात जी गोष्ट एका तुरुंगात झाली, ती मला २०२१ साली सुचू नये!

मेसोब्लास्टनेही पुढे तशी चाचणी केली, हे त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत मिळून ३०० रोगी घ्यावयाचे ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने अर्धवट आकडे पाहिले आणि मृत्यू कमी करण्याचे ठरविलेले उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता नाही, असे सांगितले. नवे रोगी घेणे थांबले. शेवटी २२२ रोग्यांचा हिशेब लागला. औषध मिळालेल्या ११२ पैकी ४२ तीस दिवसांच्या आत दगावले. न मिळालेल्या ११० पैकी ४७. शेकडा ३७.५ आणि ४२.७. फरक आहे, नाही असे नाही, परंतु सारख्याच हुशारीच्या दोन तुकड्यांच्या निकालांतही केवळ योगायोगाने एवढा फरक पडतो, हे प्रत्येक वर्गशिक्षकास ठाऊक असते. आणि १२ पैकी १० वाचणे कोठे, शंभरांत ६२ वाचणे कोठे! विशेष हे की, औषध न घेताही शंभरांत ५७ वाचलेच होते.

बंधुभगिनींनो, डिसेंबर २०२० म्हणतो आहे मी. माझी सही एप्रिल २०२१ ची. ती चाचणी थांबल्याची बातमी चार महिने जगापुढे उघडी पडली होती. निधीची शिल्लक रुपया-पैशांपर्यंत जुळविणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकासही ती शोधावीशी वाटली नाही. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीने, जी परिचारिकेचे शिक्षण घेत होती, तिने आपल्या मोबाइलवर ती मला दोन मिनिटांत काढून दाखविली. ती दोन मिनिटे मला अजून विसरता येत नाहीत.

कोणी म्हणेल, अशा वेळी मनुष्य बुडत्या काडीचा आधार घेणारच. खरे आहे. वडिलांनी तो घ्यावा, यात त्यांचा दोष तिळमात्र नाही. पण समिती कशासाठी असते? ज्याचा मुलगा यंत्रावर आहे त्याने डोके शांत ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, म्हणूनच ज्यांचा मुलगा यंत्रावर नाही अशा तिघांस आपण निवडून देतो.

आणि आम्ही एकटेच फसलो असे नाही. कोविडातून उठलेल्यांच्या रक्तातील द्रव, ज्यास आपण सर्व प्लाझ्मा म्हणत होतो, त्यासाठी आपल्या तरुण मंडळींनी घाटकोपर ते अंधेरी किती खेपा घातल्या! २९ जून २०२० रोजी राज्य सरकारने प्लॅटिना नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला होता. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली, तेव्हा प्लाझ्मा मिळालेल्यांत शेकडा १९ अत्यवस्थ झाले किंवा दगावले, न मिळालेल्यांत शेकडा १८. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत आपल्या मुलांनी मध्यरात्री केलेली धावपळ आठवली म्हणजे वाईट वाटते. त्यांची माया खोटी नव्हती.

याच काळात एका जुन्या आणि अगदी स्वस्त औषधाने खरे काम केले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने डेक्सामेथासोनची चाचणी घेतली आणि जून २०२० मध्ये निकाल सांगितला. २,१०४ रोग्यांना दिवसाला ६ मिलिग्रॅम औषध, ४,३२१ जणांना नाही. श्वसनयंत्रावरील रोग्यांत मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर आले. प्राणवायू लागणाऱ्यांतही थोडे कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काडीचाही लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच झाला असावा असे दिसले. एवढे बारीक ज्ञान चिठ्ठ्या टाकल्यानेच हाती येते. आपल्याकडे पुष्कळांनी त्याचा पूर्वार्ध ऐकला, उत्तरार्ध ऐकला नाही. साध्या तापातही ती गोळी घेतली गेली, आणि काळ्या बुरशीच्या साथीत मधुमेही रोग्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

मूलपेशींची कथा येथे संपली, असे मात्र समजू नका. ज्या रेमेस्टेमसेलने कोविडात निराशा केली, त्यालाच डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने मान्यता दिली. फुप्फुसासाठी नव्हे, तर मज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रोगी बालकाच्या शरीरावर उलटतात आणि नेहमीची औषधे चालत नाहीत, त्या अवस्थेसाठी. फुप्फुसावरील लहान लहान चाचण्यांची बेरीज करणारे काही अभ्यासक अजून आशा धरून आहेत. उद्या एखाद्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले तर हा म्हातारा प्रथम टाळी वाजवील. पण सिद्ध व्हावयाचे आहे ते विकत घेता येत नसते, हे आपल्या देशातील नियमच सांगतात. संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्तरोगांतील रोपणासारखे मान्य उपयोग सोडले, तर मूलपेशी देणे हे संशोधन ठरते. आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रोग्याकडून त्याचे पैसे घ्यावयाचे नसतात. हे एकच वाक्य मला तेव्हा ठाऊक असते तर ‘अडीच लाख’ हा शब्द ऐकताच मी सावध झालो असतो.

म्हणून निधीच्या नियमावलीत एक कलम घालावे, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. नवीन उपचारासाठी अर्ज आल्यास तो उपचार मान्य आहे की चाचणीतला, हे प्रथम लेखी विचारावे. चाचणीतला असल्यास देशाच्या चाचणी-नोंदवहीत त्याचा क्रमांक असलाच पाहिजे. तेथे नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. क्रमांक असेल तर पैशाची गरज पडणार नाही. नसेल तर निधीने एक रुपयाही देऊ नये, मग अर्जदार अध्यक्षांचा जावई का असेना. (अध्यक्ष महाराज हसत आहेत, याचा अर्थ त्यांस मान्य आहे असा मी घेतो.) रोग्याच्या घरच्यांना मात्र भाडे, जेवणखाण, औषधे यांसाठी तत्काळ साहाय्य द्यावे. त्या अडीच लाखांत त्या घराचे वर्ष निघाले असते.

अशीच आणखी एक गोष्ट. प्रसूतिगृहांतून गर्भिणीच्या आईबापांना गाठून बाळाच्या नाळेचे रक्त पैसे भरून साठवा, पुढे कोणताही रोग बरा होईल, असे सांगणारे प्रतिनिधी आपल्या उपनगरांत पुष्कळ फिरतात. केवळ स्वतःच्या पुढील उपयोगासाठी असे साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे संशोधन परिषदेने स्पष्ट म्हटले आहे. घरात आधीच थॅलेसेमियासारखा रोग असलेले भावंड असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा तज्ज्ञास विचारावे.

थॅलेसेमियाचा उल्लेख आलाच आहे तर वधूवर सूचक मंडळाच्या भगिनींना एक विनंती. आपण पिढ्यान्पिढ्या ज्ञातीतल्या ज्ञातीत विवाह करीत आलो. त्यामुळे एखादा दोष ज्ञातीत शिरला की तो आतल्या आत फिरत राहतो. वधू आणि वर दोघेही या रोगाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाचा संभव चारांत एक असतो, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नसल्याने ते कळतही नाही. रक्ताच्या एका तपासणीने कळते. सूचक मंडळाच्या छापील अर्जात गोत्र, नाडी, उंची, पगार असे रकाने आहेत. त्यांत हा एक वाढवावा. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचाही संभव चारांत एकच, त्यामुळे बोरिवलीच्या त्या केंद्रात किती आईबापांना परक्या दात्याची वाट पाहावी लागत असेल, याचा विचार तरुणांनी करावा. दाता म्हणून नाव नोंदविण्यास गालाच्या आतील भागाचा नुसता बोळा पुरतो.

त्या तरुणाची आई अजून येथेच, मुलुंडला राहते. दर दिवाळीच्या आधी ती माझ्याकडे पाच हजार रुपये घेऊन येते. बाई, ते कर्ज नव्हते, साहाय्य होते, असे मी तिला पहिल्या वर्षी सांगितले, दुसऱ्या वर्षीही सांगितले. ती म्हणाली, “मास्तर, पोर वाचलं असतं तर त्यानंच फेडले असते ना?” तेव्हापासून मी मुकाट्याने पावती फाडतो. या वर्षी तिने ते पैसे रक्त चढवावयास जाणाऱ्या कोणा मुलाच्या रेल्वेभाड्यासाठी खर्च करावे, असे सांगितले आहे. अशी दोन मुले आपल्या ज्ञातीत आहेत; त्यांच्या पालकांनी सभा संपल्यावर खजिनदारांस भेटावे.

माझा वेळ केव्हाच संपला आहे, आणि पलीकडे भोजनाची पाने मांडलेली मला दिसत आहेत.